परक्याने पेटवायची चूल

ही गोष्ट खरी आहे. देवी सातेरीच्या पायावरचं फूल उचलून सांगतो, शब्दन्‌शब्द खरी आहे. आता फूल उचललंच आहे तर जरा जपून बोलायला हवं. गाव खरं, समुद्र खरा, ही समोरची चूल खरी. बाकीचं म्हणे.

बसा इथे, उंडीच्या सावलीत. बोटी आज सुटणार नाहीत, कारण कळेलच. तोवर चूल बघून घ्या. समुद्रातून वर काढलेले तीन काळे धोंडे. लग्नाचा हंडा आरामात बसेल एवढं अंतर. आत राख आहे, म्हणजे पेटते. पण खडपवेळ गावातल्या कोणीही ती आजवर पेटवलेली नाही. पोरं काजूच्या बिया भाजायलासुद्धा इथे विस्तव करत नाहीत. गावात गावाची चूल आहे आणि गावच तिला काडी लावत नाही, असं दुसरीकडे कुठे दिसलं तर सांगा.

याचं कारण झिलू. झिलू किती पिढ्यांमागचा, यावर गावात दोन मतं आहेत आणि दोन्ही मतांची माणसं एकमेकांशी बोलत नाहीत.

तेव्हा या वेळेवर, म्हणजे या वाळूच्या किनाऱ्यावर, रापण ओढायचे. रापण म्हणजे लांबच लांब जाळं. होडीतून ते समुद्रात अर्धचंद्रासारखं टाकत जायचं, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर आणायचे आणि सगळ्या गावाने मिळून ओढायचे. जो दोराला हात लावेल त्याला माशाचा वाटा. झिलू दोराला हात लावत नसे. त्याचं काम त्या मागच्या कड्यावर बसून पाणी बघायचं होतं. ते काम त्याला हुशारीमुळे मिळालं असं त्याची आई येसू सांगायची. खाली कोणाला तो नको होता म्हणून मिळालं असं बाकीचे सांगायचे.

त्या काळी खाडीच्या तोंडाशी गाद्यांचा मोठा कळप होता. तुम्ही ज्याला डॉल्फिन म्हणता त्याला आमच्याकडे गादा म्हणतात. गादे बांगड्याचा थवा लोटत लोटत उथळ पाण्यात आणायचे. झिलू कड्यावरून पंचा हलवायचा, की होडी जाळं टाकत निघायची. मासे आत लोटून, पोटभर खाऊन गादे जाळ्याच्या उघड्या तोंडाने बाहेर पडायचे. शेवटचा गादा बाहेर गेला की झिलू दुसऱ्यांदा पंचा हलवायचा. मग जाळ्याचं तोंड बंद आणि ओढायला सुरुवात. पहिल्या पंच्याला फार अक्कल लागत नाही. सगळी अक्कल दुसऱ्या पंच्याला.

एकदा वाटे घालताना झिलूने दोन वाटे उचलले. रापणीचा म्होरक्या भिवा तांडेल म्हणाला, "एक वाटो तुझो. हो दुसरो कोणाचो?"

"भावाचो."

"तुका भाव कधी झालो?"

"तो काय, पाण्यात आसा. तुम्ही दोन बाजून दोर ओढतास. तिसऱ्या बाजून मासो कोण ढकलता? त्याका वाटो नको?"

सगळे हसले. हसता हसता कोणीतरी म्हणालं, भाऊ असेल तर देवीसमोर सांग. आता गंमत तिथेच थांबायची. पण झिलूला थांबता येत नसे. सगळा गाव ओल्या अंगाने देवळात गेला. गुरवाने देवीच्या मूर्तीला कौलाच्या कळ्या लावल्या आणि विचारलं, "झिलू म्हणता गादो त्याचो भाव. खरा काय?" प्रश्न पुरा व्हायच्या आत उजवी कळी पडली.

उजवी म्हणजे हो.

देवीलाही कधी कधी गंमत सुचते, असं सांगतात. पण कौल तो कौल. सगळा गाव एकाच मूळपुरुषाचा, तेव्हा झिलूचा भाऊ तो गावाचा भाऊबंद. त्या दिवसापासून लग्नाची पहिली अक्षत समुद्रात पडू लागली. गाद्याचा वाटा वेगळा निघू लागला. झिलू त्यातला एक बांगडा पाण्यात टाकायचा आणि बाकीचे भावाच्या वतीने स्वतः खायचा. भावाने कधी तक्रार केली नाही.

अशी काही वर्षं गेली. मग एके वर्षी नारळी पौर्णिमेनंतर पुंडलीकशेट आला. हा बंदरावरचा तेलाचा व्यापारी. गलबतांच्या फळ्यांना पाणी लागू नये म्हणून माशाचं तेल चोपडत. गाद्याच्या चरबीचं तेल सगळ्यात सरस, असं त्याने कुठेतरी ऐकलं होतं. त्याने वाळूवर तीन धोंडे मांडून घेतले, त्यावर चरबी कढवायला तांब्याचा हंडा ठेवला आणि गादा धरून द्याल का, असं सगळ्यांना विचारून बघितलं. सगळे म्हणाले, शेटजी, ते आमचे भाऊबंद.

झिलूला मात्र त्याने वेगळं गाठलं, कड्यावर. शेटच्या अंगात काळा कोट होता, पितळेच्या बटणांचा. झिलूने असा कोट जन्मात पाहिला नव्हता. या हवेत कोट घालायची गरज कोणाला पडते, हा प्रश्न झिलूला पडला नाही. तुम्हालाही मोबाईल घेताना पडत नाही.

"तुला कोणाला मारायचं नाही," शेट म्हणाला. "दुसऱ्यांदा पंचा हलवतोस ना, तो जरा लवकर हलव. बस."

कोट आधीच देऊन टाकला. झिलूने तो घालून बघितला, घामाने भिजला, घडी करून कड्यावरच्या दगडांखाली लपवला आणि रात्रभर विचार केला. विचार असा, की आपण फक्त फडकं हलवणार. जाळं भिवाचं, दोर गावाचा, सुरी शेटची. आपल्या हातात काय आहे? फडकं. फडक्याने कोणी मरतं?

सकाळी गादे आले. बांगड्याने पाणी काळं झालं होतं. पहिला पंचा हलला, होडी फिरली. एकेक गादा खाऊन बाहेर पडू लागला. मागे एक राहिला, त्याच्या कुशीला लागून एक राखाडी पिल्लू. पिल्लू आत बाहेर करत होतं, खेळत होतं, आणि मोठा त्याच्यासाठी थांबला होता. झिलूला हे सगळं लख्ख दिसत होतं.

त्याने पंचा हलवला.

जाळं जड लागलं तेव्हा खाली गावाने आरोळी दिली, बांगडा भरपूर आहे म्हणून. अर्ध्यावर आलं तेव्हा कळलं. पिल्लू काठाच्या दोरावरून उसळून बाहेर गेलं. मोठा गुंतला होता. गाद्याला आपल्यासारखं वर येऊन श्वास घ्यावा लागतो. जन्मभर पाण्यात राहिलेला जीव पाण्यात बुडून मेला.

झिलू धावत खाली आला. भिवाने विचारलं, "दिसलो नाय तुका?"

"ऊन डोळ्यात गेला," झिलू म्हणाला.

भिवाने मान हलवली. ऊन जातं डोळ्यात. कोणी काही बोललं नाही, आणि तेच झिलूला पुढे फार महागात पडलं. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं तो म्हातारपणी म्हणायचा म्हणे.

मेलेला जीव वाळूवर ओढला तेव्हा बायका पुढे झाल्या. येसूने वाकून बघितलं. पोटाखाली वाळू पांढरी झाली होती. दूध गळत होतं.

"झिल्या," ती म्हणाली, "हो भाव नाय. ही बहीण."

तेवढ्यात पुंडलीकशेट सुऱ्या परजत आला. येसू मध्ये उभी राहिली. फाटक्या लुगड्यातली बाई, शेटच्या खांद्यालाही लागत नसेल. ती अगदी हळू म्हणाली, "सुरी बाजूक ठेवा शेटजी. घरात मयत आसा."

आणि मग गावाच्या डोक्यात उजेड पडला. मयत म्हणजे सुतक. भाऊबंदकीतलं सुतक, म्हणजे सगळ्या गावाला. दहा दिवस होडी पाण्यात नाही, जाळ्याला हात नाही. तेही नेमका बांगडा दारात आलेला असताना. पावसाळाभर रिकामी असलेली पोटं आता कुठे भरू लागली होती.

भिवाने झिलूला बाजूला घेतलं. "आयक. देवळात चल. गंमत होती म्हणान सांग. शबूद मागे घे, देवी काय तुका खाणा नाय."

गाव झिलूकडे बघत होता. एवढंच बोलायचं होतं, आणि ते खरंही होतं. गंमतच तर होती. तेवढं बोललं की बहिणीचा पुन्हा मासा होणार, शेट तेल काढणार, उद्या होड्या सुटणार. ऊनसुद्धा डोळ्यातच राहणार, कारण माशाच्या मरणाची चौकशी कोण करतो? कोट दगडाखाली आहेच.

तिकडे उथळ पाण्यात पिल्लू फिरत होतं. वाळूपर्यंत यायचं, वळायचं, पुन्हा यायचं. तोंडातून बारीक शीळ घालत होतं.

"माझी बहीण आसा ती," झिलू म्हणाला.

"मेल्या, गाव उपाशी मरात."

"म्हायत आसा. बहीण आसा."

झिलूने खोटं बोलायचं नाकारलं असं आयुष्यात पहिल्यांदाच झालं, आणि तेही एक जुनं खोटं टिकवण्यासाठी.

गाव इतक्या सहजी ऐकणार नव्हता. खाडीपलीकडून भटजींना आणलं. भटजी समजूतदार होते, त्यांनी वाट काढली. बहीण लग्न झालेली असेल तर ती दुसऱ्या कुळात गेली, तिचं सुतक माहेरच्यांना पुरं लागत नाही. पिल्लू आहे, म्हणजे लग्न झालेलंच. गावाने सुटकेचा श्वास घेतला. मग येसूने विचारलं, "तिचो घोव खंयचो?"

भटजी म्हणाले, नवरा इथल्याच पाण्यातला असणार.

"म्हणजे आमच्याच भाऊबंदातलो. मगे एकाच कुळातली दोघां लगीन कशी करतीत?"

हा प्रश्न जसजसा उलगडत गेला तसतसे भटजी पांढरे पडत गेले. गादे एकमेकांचे कोण लागतात, कोणाचं कोणाशी चालतं, हे ठरवायचं तर उभ्या समुद्राची कुळं मांडायला हवी होती. भटजी म्हणाले, पुरं सुतक धरा, आणि भरती यायच्या आत होडीत बसून गेले.

वाळूवर चिता रचली. झिलूने मडकं खांद्यावर घेऊन फेऱ्या मारल्या. अग्नी दिला आणि कोणाच्या लक्षात येण्याआधी कड्यावरून आणलेली काखेतली घडी चितेवर टाकली. लाकडं थोडीच होती, पण चिता विझेना. चरबी जळत होती. संध्याकाळपर्यंत पिवळ्या ज्वाळा कड्याएवढ्या उठत होत्या. पुंडलीकशेट सगळ्यात जवळ उभा होता आणि त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं. धुरामुळे.

मग नवीनच अडचण उभी राहिली. मयताच्या घरात त्या दिवशी चूल पेटत नाही. शेजारी किंवा सोयरे जेवण आणतात, त्याला कडू घास म्हणतात. इथे शेजारी घर नव्हतंच. सगळा गावच मयताचं घर. सोयरे खाडीपलीकडे, आणि खाडीला उधाण. पोरं रडायला लागली. बायकांनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि मग सगळ्या एकाच दिशेने बघू लागल्या.

गावात परका माणूस एकच होता.

"शेटजी," येसू म्हणाली, "तांदूळ आमचे. चूल तुम्ही मांडलीच आसा. हंडोही आसा."

शेट म्हणाला, मला भात येत नाही. सगळा गाव वाळूवर मांडी घालून, त्याच्याकडे तोंड करून बसला. अशा वेळी माणूस पळून जाईल तर कुठे? पुढे समुद्र, मागे बायका. शेवटी पुंडलीकशेटने धोतर खोचलं. गाद्याची चरबी कढवायला आणलेल्या हंड्यात, चरबीसाठीच मांडलेल्या धोंड्यांवर, त्याने मेलेल्या बहिणीच्या भाऊबंदांसाठी भात लावला. खाली करपला, वर कच्चा राहिला. गावाने शेवटचं शीतही टाकलं नाही, म्हणजे किती भूक होती ते बघा. शेट पहाटे रिकामा हंडा घेऊन गेला. तो सुधारला, असं सांगायला मला आवडलं असतं. पण त्याने दुसऱ्या गावातून तेल घेतलं म्हणे.

अस्थी गोळा करताना राखेत पितळेची बटणं निघाली. भिवाने ती हातावर घेऊन बघितली. गावात कोट एकाच माणसाचा होता, आणि तो गावात आला तेव्हा कोटात होता, जाताना नव्हता, हे सगळ्यांना आठवलं. भिवाने बटणं अस्थींबरोबरच मडक्यात टाकली. झिलूला एका शब्दाने विचारलं नाही.

ते दिवस फार वाईट गेले. बांगडा डोळ्यांदेखत येऊन परत गेला. गाव पेज आणि शेगलाच्या, म्हणजे शेवग्याच्या, पाल्यावर राहिला. पिल्लू रोज वाळूपर्यंत यायचं आणि झिलू रोज कड्यावरून ते बघायचा. मग एका सकाळी ते आलं नाही. कळपात गेलं, असं काही जण सांगतात. दूध पिणारं पिल्लू कुठे गेलं असेल, हे झिलूला कोणी सांगायची गरज नव्हती.

दहाव्याला इथेच, उंडीखाली, पिंड ठेवला. कावळे झाडावर बसले होते. पिंडाला एक शिवेना. कावळा शिवला नाही म्हणजे मेलेल्याचं मन कशात तरी अडकलंय, हे तुम्हाला माहीत आहे. ते ओळखून शब्द द्यावा लागतो.

गावाने शब्द द्यायला सुरुवात केली. पिल्लू परत आलं तर सांभाळू. कावळे हलले नाहीत. वर्षश्राद्ध घालू. नाही. देवळात दिवा लावू. एक कावळा उडाला, झिलूच्या डोक्यावर बसला, तिथे घाण केली आणि परत जाऊन बसला. ऊन चढलं. येसू लेकाला म्हणाली, "तू बोल."

झिलू पिंडासमोर बसला. मग म्हणाला, "बाय, ऊन डोळ्यात नव्हता."

आता तुम्हाला वाटलं असेल, कावळा शिवला. नाही शिवला. रडून, चूक कबूल करून कावळा येत असता तर सोपं होतं. तिच्या काय कामाची ती कबुली?

झिलूने डोळे पुसले. "बरा," तो म्हणाला. "आजपासून पंचा मासो दाखवूक हलवचंय नाय. थांबवूक हलवीन. गादे आत आसत तोवर कोणाची होडी हलाची नाय, जाळा पडाचा नाय. मासो गेलो तर जांव दे."

कावळे तसेच बसून राहिले. मग सगळ्यांच्या लक्षात आलं. कड्यावरचा शब्द झिलूचा, पण होडी भिवाची. भिवा तांडेल झाडाला टेकून बसला होता. त्याच्या घरात सहा तोंडं होती. गादे आत असताना जाळं टाकायचं नाही, म्हणजे बांगडा सगळ्यात जास्त असतो तेव्हाच टाकायचं नाही. तो समुद्राकडे बघत राहिला, मग पिंडाकडे, मग स्वतःच्या हाताच्या घट्ट्यांकडे.

"बरा," भिवा म्हणाला.

कावळा खाली आला.

झिलू मरेपर्यंत कड्यावर बसला. त्याच्या नंतर कोण ना कोण बसत आलंय. आजही गादे खाडीत आले की कड्यावर लाल फडकं दिसतं आणि खडपवेळच्या होड्या जागच्या जागी थांबतात. पण समुद्राला कुंपण नाही. बाहेर मोठे ट्रॉलर रात्री दिवे लावून तळ खरवडतात. त्यांना हा कडा दिसत नाही, फडकं तर दूरच. तुटकी जाळी वाहत येतात. आणि हल्ली शहरातली माणसं डॉल्फिन बघायला येतात. गादा वर आला की दहा बोटी त्याच्यावर धावतात, कारण माणसांनी लांबून बघायला तिकीट काढलेलं नसतं. कळप आता एवढासाच राहिलाय.

आजही गादा मेला की गावाला सुतक लागतं. काल रात्री एक मादी वाहून आली. पाठीवर बोटीच्या पंख्याच्या पात्याचे वार होते, एकाशेजारी एक. बोट कुठली, ते सांगता येत नाही. आमच्या गावची नसेलच असं छाती ठोकून म्हणता येत नाही. आमच्याही बोटी तुम्हालाच घेऊन जातात. आज सकाळी तिला अग्नी दिला. म्हणून बोटी बंद.

आणि आजही तो नियम आहे. गादा मेला, की त्याच्यासाठी म्हणून गावात आलेला परका माणूस जो असेल, त्याने या चुलीवर कडू घास रांधायचा. कोणी चित्रं काढायला आलेलं असतं, कोणी सर्व्हे करायला. मागच्या खेपेला एक नवराबायको होती, गाद्यांबरोबर लग्नाचे फोटो काढायला आलेली. भात छान झाला होता.

आज परके तुम्हीच आहात. आता मागे वळून बघा. घाबरू नका, ती सगळी आमचीच माणसं आहेत. मघापासून येऊन बसली आहेत. सकाळपासून कोणाच्या पोटात काही नाही. बोटीचे पैसे तुम्हाला परत मिळतील, त्याची काळजी सोडा. गोष्टीचं मोल मात्र द्यावं लागेल.

"सांगान झाला काय रे?" मागून रुक्मीकाकी विचारतेय. "तांदूळ भिजान फुगले. त्यांका म्हणा, उठा."

ही घ्या काडेपेटी.